भुईआवळी आणि कावीळ

पावसाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे शेतात, बांधावर भुईआवळी उगवते. रोप वीतभर उंच. पाने आवळ्यासारखी बारीक. पानांच्या खालच्या अंगाला मोहरीएवढी हिरवी फळे ओळीने लागतात.

कावीळ झाली की आपण तिचा रस दुधातून किंवा ताकातून देतो. माणूस बरा होतो. आपण म्हणतो, रसाने गुण आला.

पण जरा विचार करू या. घाण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग गुण रसाचा की दिवसांचा?

दुसरी ‘ब’ कावीळ. ती रक्तातून पसरते. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी हा रोग अंगात असलेल्या ३७ जणांना भुईआवळी दिली. २२ जणांच्या रक्तातली रोगाची खूण गेली, असे त्यांनी लिहिले. पुढे इतरांनी तपासून पाहिले, तेव्हा तसा गुण दिसला नाही.

भुईआवळीला आम्ही नावे ठेवत नाही. पण तिच्यावर विसंबून दिवस घालवू नका. गरोदर बाईला कावीळ झाली, रोगी बरळू लागला, उलटीत रक्त आले, तर जिवाला धोका असतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

पाणी उकळून प्या. बाळ जन्मले की २४ तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस टोचून घ्या. कावीळ होऊच न देणे, हे सगळ्यांत सोपे.

प्रश्न : काविळीच्या रोग्याला दवाखान्यात ताबडतोब केव्हा न्यावे?