बरा झालेला रोगी आणि पुन्हा आढळलेला विषाणू

२०२० साली दक्षिण कोरियात एक चमत्कारिक गोष्ट घडली. कोरोनाच्या आजारातून बरे होऊन घरी गेलेल्या काही माणसांच्या चाचणीत विषाणू पुन्हा आढळू लागला. १५ मेपर्यंत अशांची संख्या ४४७ झाली. रोग उलटला की काय, या शंकेने त्यांना पुन्हा अलग राहावे लागले.

तेथील रोगनियंत्रण खात्याने यांपैकी २८५ जणांची कसून चौकशी केली. त्यांच्या सहवासातील ७९० व्यक्तींत केवळ या सहवासामुळेच लागण झाली, असा एकही दाखला मिळाला नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला. एकातही तो वाढला नाही.

मग चाचणीत दिसले ते काय? पीसीआर चाचणी विषाणू जिवंत की मृत, हे पाहतच नाही. ती त्याच्या जनुकद्रव्याचा तुकडा हुडकते आणि दर फेरीस त्याच्या प्रती दुप्पट करते; तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! श्वसनमार्गाच्या झडणाऱ्या पेशींबरोबर असे निर्जीव तुकडे कित्येक आठवडे बाहेर पडतात. ते अगदी थोडे उरले म्हणजे आज ‘नाही’, तर उद्या ‘आहे’ असे उत्तर येते. नमुना कसा घेतला, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कोरियाने त्याच मे महिन्यात अशांना अलग ठेवणे थांबविले.

मात्र रक्ताच्या कर्करोगाने किंवा इंद्रियरोपणानंतरच्या औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते, त्यांच्या शरीरात जिवंत विषाणूही महिनोन्महिने टिकू शकतो. शिवाय खरोखरीची दुसरी लागणही होतेच. हाँगकाँगमधील एका गृहस्थाच्या बाबतीत ती ऑगस्ट २०२० मध्ये सिद्ध झाली. कारण दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकरचना निरनिराळी निघाली.