ताणलेलं सिलिकॉन परत किती येतं?

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलला आपण माइल्ड स्टीलचा रॉड तुटेपर्यंत ओढतो आणि 'धाड' आवाज झाला की जर्नल भरायला बसतो. पण काही मटेरियल्समध्ये 'कधी तुटतं' यापेक्षा 'सोडल्यावर परत किती येतं' हे जास्त महत्त्वाचं असतं. कृत्रिम नाक-कान बनवायचं सिलिकॉन त्यातलंच.

कॅन्सर, अपघात, २०२१ मधली काळी बुरशी अशा कारणांनी चेहऱ्याचा भाग गमावलेल्यांसाठी हे अवयव बनवतात. १९६० पासून त्यासाठी सिलिकॉन वापरलं जातंय. कड त्वचेत मिसळून जावी म्हणून ती अगदी पातळ ठेवतात. बरेच जण अवयव सकाळी गमने चिकटवतात आणि रात्री सोलून काढतात. दर वेळी कड ताणली जाते. ती पूर्ण परत आली नाही तर लाटेसारखी होते, उचलली जाते आणि समोरच्याची नजर नेमकी तिथेच जाते!

सिलिकॉनच्या लांब साखळ्या एकमेकींना क्रॉसलिंकने बांधलेल्या असतात. ताण सुटला की हेच बंध त्यांना मागे खेचतात. पण मजबुतीसाठी घातलेल्या सिलिकाच्या कणांवरून साखळ्या थोड्या सरकतात. त्यातलं काही सरकणं उशिरा भरून निघतं, काही कायमचं राहतं.

हे मोजायची टेस्ट सोपी आहे. डंबेलच्या आकाराच्या पट्टीवर २५ मिमी अंतरावर दोन खुणा करा. खुणांमधलं अंतर ५० मिमी होईपर्यंत ताणा, १० मिनिटं धरा, सोडा, १० मिनिटं थांबा आणि मोजा. समजा २५.५ मिमी आलं. वाढ ०.५ मिमी, म्हणजे 'टेन्शन सेट' २ टक्के. ताण २५ मिमीचा होता, त्यातला २४.५ परत आला, म्हणून रिकव्हरी ९८ टक्के. थांबायची वेळ बदलली तर उत्तरही बदलतं, म्हणून ती रिपोर्टमध्ये लिहायलाच हवी.

मात्र नव्या पट्टीवरची एकच टेस्ट पुरेशी नाही. वापरात घाम, त्वचेचं तेल, ऊन आणि रोजची सोलणी हे सगळं असतं. म्हणून पट्ट्या कृत्रिम घामात-तेलात भिजवून, यूव्ही प्रकाशात ठेवून, पुन्हा पुन्हा ताणून तीच मापं परत घ्यायची.

तेव्हा डेटाशीटवर नुसती टेन्साइल स्ट्रेंथ बघून मटेरियल निवडू नका. नाक तुटलं नाही, पण कड उचलली, तरी तो माणूस चारचौघांत यायचं टाळणारच.