नको ते द्या, हवे ते घ्या

बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देते, तोच व्यवहार आता मोबाइलवरही होतो. कॅनडातल्या काइल मॅकडोनाल्डने जुलै 2005 मध्ये लाल पेपरक्लिप देऊन माशाच्या आकाराचं पेन घेतलं, पेन देऊन दाराची मूठ, मूठ देऊन कॅम्पिंगची शेगडी. असं करत चौदाव्या सौद्यात, वर्षभरात, त्याला किपलिंग गावात घर मिळालं. आपल्याला घर नाही, पण माळ्यावरच्या कुकरच्या बदल्यात सायकल मिळू शकते.

कृती

1. चालू स्थितीतली, एकट्याला उचलता येईल अशी वस्तू निवडा.

2. ती घासूनपुसून घ्या. कुकर असेल तर झाकणाची रिंग नवी घाला, शिट्टी होतेय ना पाहा.

3. दिवसा, खिडकीपाशी चार-पाच फोटो काढा. बुडाला पोचा असेल तर तो जवळून दाखवा. लपवलेला पोचा दिसला की ठरलेला सौदा दारातच मोडतो.

4. कंपनी, माप, किती वर्षं वापरली आणि बदल्यात काय हवं ते लिहा. ‘काहीही चालेल’ लिहिलंत तर काहीही येईल.

5. आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, मग फेसबुक मार्केटप्लेसवर. घर बदलणाऱ्यांकडे खास लक्ष ठेवा. नव्या घरात न मावणारी सायकल त्यांना अडचणीची वाटते, आणि नवा संसार मांडताना कुकर लागतोच. दोघांची गरज अशी जुळली की सौदा एक पायरी वर चढतो. किंमत फारच वेगळी असेल तर वरचे पैसे आधीच ठरवा.

6. दिवसा, वर्दळीच्या जागी, कुणाला तरी सोबत घेऊन भेटा. सायकल चालवून, ब्रेक दाबून बघा. मोबाइल घेत असाल तर *#06# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडून पाहा. आपला देताना त्यातली खाती आणि सगळी माहिती काढून टाका.

7. वरचे पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन टाकू नका. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

8. सौदा झाला की जाहिरात काढा. आठवड्याने विचारा, “कुकर नीट चालतोय ना?”

हा शेवटचा निरोप चुकवू नका. खरं बोलणाऱ्याची पुढची वस्तू लोक हातोहात घेतात.