प्रवेश परीक्षेची तयारी : पुस्तकाबरोबर शरीरही सांभाळा



गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पदवीधर, औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करणारा. एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेसाठी चार महिने तो रात्री दोन-अडीचपर्यंत जागत होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेच्या एस.टी.ने उपाशीपोटी केंद्र गाठले. तासाभराने डोके जड झाले, एकच प्रश्न तीन-तीनदा वाचावा लागला आणि वेळ संपली तेव्हा साठ-एक प्रश्न तसेच राहिले होते. वडील म्हणाले, "डॉक्टर, पोराने अभ्यासात कसूर केली नाही हो. बुद्धी तल्लख होण्याचे एखादे टॉनिक द्या."

टॉनिक दिले नाही, कारण तसे टॉनिक नाही. त्याऐवजी त्या मुलाला जे सांगितले, ते महाड-पोलादपूर परिसरातील इतर मुलामुलींच्याही उपयोगी पडेल, म्हणून आज येथे देत आहे.

ही परीक्षा कशाची?

आपल्या राज्यात एम.बी.ए. आणि एम.एम.एस. या अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष सी.ई.टी. घेतो. 1965 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या नामांकित संस्थांचा रस्ताही याच परीक्षेतून जातो. 2025 सालापर्यंतच्या नमुन्याप्रमाणे 200 प्रश्न आणि 150 मिनिटे. तर्कशक्तीचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजी भाषेचे 50. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चालू वर्षीचा नमुना मात्र प्रत्येकाने माहितीपुस्तिकेत स्वतः वाचून खात्री करावी.

आता हिशेब करा. 150 मिनिटे म्हणजे 9000 सेकंद. 200 प्रश्नांना वाटले तर एका प्रश्नाला 45 सेकंद येतात. गणित बहुतेक शाळा-कॉलेजातलेच, पण ते अडीच तास न थकता, न गोंधळता सोडवायचे असते. ही कसोटी ज्ञानाइतकीच ताज्या मेंदूची आहे. म्हणून जागरण करून मिळवलेला अभ्यास जागरणानेच वाया जातो.

झोप ही अभ्यासाचाच भाग

1997 साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसांची कामातील चपळता, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. म्हणजे रात्रभर जागून परीक्षेला जाणारा मुलगा थोडी दारू घेऊन पेपर लिहावा तसाच बसलेला असतो, फक्त त्याला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते बऱ्याच अंशी झोपेत. तरुण वयात रोज सात ते आठ तास झोप हवी. ती कापून वाढवलेला अभ्यासाचा वेळ तोट्याचा ठरतो.

पाळीत काम करणाऱ्यांनी काय करावे? रात्रपाळीहून आल्यावर आधी झोपावे, मग पुस्तक हाती घ्यावे. खोलीत पडदे लावून अंधार करावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि घरच्यांनी त्या वेळी दूरदर्शन संचाचा आवाज कमी ठेवावा. झोप झाल्यावर मन लावून केलेला दोन तासांचा अभ्यास, डुलक्या घेत केलेल्या पाच तासांपेक्षा सरस असतो. शक्य असेल त्याने परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी बदलून किंवा रजा मागून घ्यावी.

चहाबद्दलही सांगतो. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य शरीरातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळनंतर चहा नको. झोप उडवणाऱ्या गोळ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नये.

वाचावे कसे?

1885 साली जर्मनीच्या एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरते. त्यावर उपाय म्हणजे अंतर ठेवून केलेली उजळणी. आज शिकलेले उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा सोडवून पाहावे. पुस्तक मिटून उत्तर आठवण्याचा प्रयत्न करावा. नुसते पुन्हा पुन्हा वाचले की ओळख वाढते, आठवण वाढत नाही.

शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा सराव परीक्षा द्यावी, तीही प्रत्यक्ष परीक्षेच्या सत्राच्या वेळी. सकाळचे सत्र असेल तर सकाळी, दुपारचे असेल तर दुपारी. दुपारी जेवणानंतर झोपायची सवय असलेल्या शरीराला आयत्या वेळी तल्लख राहा म्हटले तर ते ऐकत नाही. अडीच तास न उठता बसावे. परीक्षा संगणकावर असते, म्हणून सगळा सराव मोबाइलच्या छोट्या पडद्यावर न करता काही वेळा तरी संगणकावर करावा. झाल्यावर गुणांपेक्षा चुका मोजाव्यात : कोणता प्रश्न येत नव्हता, कोणता घाईने चुकला, आणि कोणता येत असून वेळेअभावी राहिला. या तिसऱ्या रकान्यावर जे काम करायचे, त्यात झोप आणि बसण्याची सवय यांचा मोठा वाटा आहे.

एक प्रश्न दीड मिनिटात सुटला नाही तर पुढे जावे. गुण कापले जात नसतील तर एकही प्रश्न रिकामा सोडू नये, शेवटची तीन मिनिटे त्यासाठी राखावीत. आय.आय.एम.च्या कॅट परीक्षेत मात्र चुकलेल्या बहुपर्यायी उत्तराला गुण कापले जातात. तेथे ही युक्ती अंगाशी येईल.

डोळे आणि पाठ

संध्याकाळी डोके दुखते अशी तक्रार असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर असूनही न कळलेले कितीतरी विद्यार्थी असतात. पडद्यासमोर बसताना दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. पलंगावर लोळून वाचू नये. रोज संध्याकाळी अर्धा तास चालावे, त्याने झोपही चांगली लागते.

आहार

महागडी पावडर आणण्याची गरज नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, डाळ-भात, पालेभाजी, ताक, अंडी किंवा मासळी एवढे नियमित मिळाले तरी पुरे. मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. सतत थकवा, धाप, वाचताना लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे असू शकतात. परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासावे, कारण ते भरून यायला वेळ लागतो. परीक्षेच्या तारखेला पाळी येण्याची शक्यता असेल तर मैत्रिणीने सांगितलेली गोळी घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रवास आणि उन्हाळा

2023 ते 2025 या तिन्ही वर्षी ही परीक्षा मार्च-एप्रिलच्या दिवसांत झाली. आपल्याकडे तेव्हा उकाडा आणि घाम. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून निघणाऱ्या मुलाला आधी तालुक्याला आणि मग महामार्गाने दूरच्या केंद्रावर जायचे असते. शक्य असेल तर आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्कामाला जावे. घाटात गाडी लागत असेल तर पुढच्या बाजूला बसावे, पोटात हलके काहीतरी असावे. उलटी थांबवणाऱ्या आणि सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांनी गुंगी येते. परीक्षेच्या सकाळी त्या पहिल्यांदाच घेऊन पाहू नयेत.

सकाळी पोहे, उपमा किंवा मऊ भात असे ओळखीचे खाणे घ्यावे. रस्त्यावरचे तळलेले आणि उघड्यावरचे सरबत टाळावे. घरून पाणी न्यावे. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा. केंद्रात शिरण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. लाजेने किंवा घाईने राहिले तर शेवटचा तास त्यातच जातो.

भीती वाटते, काय करावे?

थोडी धडधड उपयोगाचीच असते, तिने माणूस सावध राहतो. ती फार वाढली तर मात्र सोपी गणितेही सुचत नाहीत. अशा वेळी डोळे मिटून चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. असे पाच-सहा वेळा केले की धडधड उतरते. हे परीक्षेच्या दिवशी प्रथम करून उपयोग नाही, आधी महिनाभर रोज करावे. धडधड कमी करणारी गोळी मित्राकडून घेण्याचा प्रकार अलीकडे ऐकू येतो. ही गोळी दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरू शकते.

पालकांना दोन शब्द

जेवताना रोज "किती झाला अभ्यास?" असे विचारू नये. शेजारच्या मुलाचे गुण सांगू नयेत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हेही समजून घ्यावे. 80 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतील साधारण ऐंशी जण मागे राहिले. ते अपयश नव्हे.

मुलगा अबोल झाला, जेवण तुटले, आठवडेच्या आठवडे झोप नाही, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" असे बोलू लागला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणाला, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

तो मुलगा या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतो आहे. मागच्या आठवड्यात वडील भेटले. मी विचारले, "अभ्यास कसा चाललाय?" ते म्हणाले, "रात्री अकराला दिवा बंद करतो, डॉक्टर. मला भीती वाटते, पण मी बोलत नाही." त्यांना म्हटले, तुमची निम्मी तयारी झाली.