तुमच्या नावावर काय उपचार झाले?

मनोरीतून मोठं इस्पितळ गाठायचं तर मार्व्याला जाणारी बोट पकडा, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घ्या. म्हणून इथला माणूस दुखणं अंगावर काढतो आणि नाइलाज झाला तरच निघतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा मुंबई उपनगर जिल्हाही होता. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचं नाव मिळालं, पुढे ती केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. आज राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला तिच्यातून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मी डॉक्टर आहे. अशा योजनांतले इस्पितळांचे दावे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून उमगलेलं सांगतो.

१. खोटा दावा रुग्णाच्याच खिशातून जातो.
‘सरकारचा पैसा गेला, आपलं काय गेलं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण ५ लाखांची मर्यादा साऱ्या कुटुंबाची मिळून असते. आजीच्या नावावर न झालेली शस्त्रक्रिया दाखवली, तर ती रक्कम त्या घराच्या मर्यादेतून वजा होते. मग त्याच वर्षी घरातल्या कर्त्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, की रक्कम अपुरी पडते.

२. फाईल पूर्ण आहे म्हणून उपचार खरा ठरत नाही.
खऱ्या उपचाराच्या कागदांत खाडाखोड असते, घाईची अक्षरं असतात. बनावट फाईल बहुधा नीटनेटकी असते. म्हणून कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात: ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर भूलतज्ज्ञाच्या नोंदीशी, स्टेंटच्या स्टिकरवरचा क्रमांक खरेदीच्या बिलाशी. दोन रुग्णांच्या फायलींत एकच एक्स-रे, एकच सर्जन एकाच वेळी दोन गावांत, पाच दिवस न बदललेला रक्तदाब, या खुणा दिसल्या की थांबायचं.

३. संगणक संशय दाखवतो, निवाडा माणसानं करायचा.
आयुष्मान भारतवरचा कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले आढळले. आधीच मृत नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचंही त्यात होतं. पडताळणी मोबाईल क्रमांकावर होत नाही, असा खुलासा आरोग्य मंत्रालयानं केला. एकच माणूस एकाच वेळी दोन इस्पितळांत दाखल दिसतो, हाही अहवालातला आक्षेप होता; त्याचंही एक उत्तर मंत्रालयानं दिलं: लहान मुलांवर आईवडिलांच्या कार्डावर उपचार होतात. म्हणजे प्रत्येक विसंगतीमागे चोर नसतो. पण नोंदी ढिसाळ असल्या की चोराला लपायला जागा मिळते, म्हणून त्याही सुधारल्याच पाहिजेत.

४. रुग्णाच्या घरी गेल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.
मी सर्वांत जास्त शिकलो ते ओटीवर बसून. मासेमारीच्या गावात दिवसा घरं रिकामी असतात, तेव्हा संध्याकाळी जायचं. पहिलं वाक्य असं: ‘मावशी, तुमच्यावर आळ नाही, तुमची विचारपूस करायला आलोय.’ नाहीतर घरचे घाबरतात. मग विचारायचं, किती रात्री तिथं काढल्या, टाके कुठं पडले, औषधं कोणी आणली. फुकट उपचाराच्या योजनेत ‘वरचे’ पैसे दिल्याचं इथंच कळतं. ते आधी का सांगितलं नाही? कारण उद्या पुन्हा त्याच डॉक्टरकडे जायचं असतं. म्हणून रुग्णाचं नाव इस्पितळाला कळता कामा नये.
आणखी एक. जन्मभर जाळी ओढून बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही. तेवढ्यावरून कुणाला बोगस ठरवणं हा अन्याय आहे.

५. पैशांच्या चोरीपेक्षा विनाकारण चाललेली सुरी भयंकर.
२०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमधल्या समस्तीपूरमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेखाली, गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी गाजल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी इस्पितळानं खेड्यात मोफत शिबिर भरवून १९ जणांना अँजिओग्राफीसाठी नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, दोघे दगावले. गुन्हा दाखल झाला, पण गेलेली माणसं परत आली नाहीत. पैसे वसूल करता येतात, गर्भाशय परत बसवता येत नाही. म्हणून ‘शस्त्रक्रिया झाली का?’ याआधी ‘ती हवी होती का?’ हे विचारलं पाहिजे, आणि तेही मंजुरी देण्यापूर्वी.

६. प्रामाणिक इस्पितळाला छळू नका.
आज एक कागद मागायचा, पंधरा दिवसांनी दुसरा, आणि पैसे अडवून ठेवायचे, ही तपासणी नव्हे. अशानं उपनगरातलं छोटं, सचोटीचं इस्पितळ योजनेतून बाहेर पडतं. लबाड मात्र टिकतो, कारण कागद बनवणं त्याला जमतं. शंका एकदाच, लेखी आणि कारणासह काढाव्यात. दावा नाकारला तर दाद मागता आली पाहिजे. दोष सिद्ध झाला तर मात्र कुणाचीही ओळख आड येऊ नये.

७. पहिला तपासनीस रुग्ण स्वतः.
योजनेच्या इस्पितळात रुग्णांच्या मदतीसाठी आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नका, आणि त्यावर कोणता उपचार लिहिलाय ते मुलांकडून वाचून घ्या. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचं भाडंही धरलेलं आहे. कुणी पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा.

आणि सरकारकडे माझं एक मागणं आहे. दावा मंजूर झाला की त्या घराला साध्या मराठीत कळवा: कोणावर, कुठं, कोणता उपचार झाला, किती रक्कम वजा झाली, किती उरली. ही माहिती सरकारच्या संगणकात आहेच. ती ज्याच्या शरीराची आहे त्याला मिळाली, तर राज्यातलं प्रत्येक घर तपासणीला हातभार लावेल.