पाळक होण्यापूर्वीं शिकावें किती?

पाठासाठीं वाचावयाचे भाग : प्रेषितांचीं कृत्यें ४:१३; १८:२४-२८; २२:३. २ तीमथ्य १:५ आणि २:१-१५.

आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत हा प्रश्न वर्षांतून एकदां तरी निघतो, आणि बहुतकरून परीक्षांचे निकाल लागल्यावर निघतो. मंडळींतील एखादा होतकरू तरुण पदवीधर होऊन घरीं येतो, शब्बाथ शाळेंत मुलांस शिकवूं लागतो, आणि एके दिवशीं घरांत सांगतो कीं, पाळकाच्या सेवेसाठीं देवाचें पाचारण मला झालें आहे, मी ईश्वरविज्ञान शिकावयास जातों. आई डोळ्यांस पदर लावते. बाप कांहीं बोलत नाहीं. त्याच्या मनांत कर्जाचा आंकडा असतो आणि शिक्षकाच्या नोकरीचा अर्ज असतो. मग रविवारीं उपासना झाल्यावर पंच बसतात, आणि ज्या वडील उपदेशकांनीं तीस वर्षें पायीं हिंडून चार गांवच्या मंडळ्या सांभाळल्या ते विचारतात, “एवढें शिकला तें पुरे नाहीं काय? आम्ही कोणत्या कॉलेजांत गेलों होतों? पेत्र आणि योहान कोठें गेले होते?”

हा प्रश्न हंसून टाकण्यासारखा नाहीं. तो विचारणाऱ्याच्या मनांत एक दुःख असतें, तें आम्ही पुष्कळदां पाहिलें आहे. मुलगा शिकून आला तर माझें काय होईल? माझ्या तीस वर्षांची किंमत काय? म्हणून ह्या आठवड्याच्या पाठांत आधीं शास्त्र काय दाखवितें तें पाहूं, मग आपल्या देशांत ही व्यवस्था कशी उभी राहिली तें सांगूं.

पेत्र व योहान हे निरक्षर व अज्ञानी आहेत असें न्यायसभेस वाटलें, हें खरें. परंतु त्याच वचनांत सभेनें आणखी एक गोष्ट ओळखली, ती ही कीं, हे येशूच्या संगतींत होते. प्रभूनें त्यांस जाळ्यापासून उठविलें आणि लगेच व्यासपीठावर उभें केलें असें झालें नाहीं. त्यानें त्यांस आपल्याबरोबर ठेवून घेतलें, दृष्टांत सांगितले, एकांतीं त्यांचा अर्थ सांगितला, दोघां-दोघांस पाठवून त्यांच्याकडून काम करविलें, परत आल्यावर हकीकत ऐकिली, आणि चुकल्यावर रागेंही भरला. अशा शाळेंत जो शिकला त्यास अशिक्षित कोण म्हणेल? पौलाची गोष्ट तर उघडच आहे. तो गमलिएलाच्या चरणांपाशीं बसून शिकला होता. तीमथ्य आजीच्या व आईच्या मांडीवर शिकला.

पण आमचें मन सर्वांत अधिक रमतें तें अपुल्लोच्या गोष्टींत. तो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्ववान्, शास्त्रांत निपुण. आजच्या भाषेंत तो मोठ्या विद्यापीठाचा पदवीधर होता असें म्हणावयास हरकत नाहीं. इफिसच्या सभास्थानांत तो आवेशानें बोलूं लागला, आणि जें बोलला तें बरोबरही होतें. परंतु त्यास योहानाचा बाप्तिस्मा तेवढाच ठाऊक होता. ऐकणाऱ्यांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला हीं नवराबायको होतीं. त्यांचा धंदा तंबू करण्याचा. त्यांनीं भर सभेंत त्याची चूक काढिली नाहीं, आणि बाहेर जाऊन त्याची निंदाही केली नाहीं. त्यांनीं त्यास जवळ करून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि लूक येथें त्या बाईचें नांव नवऱ्याच्या आधीं लिहितो. अपुल्लो ऐकत बसला, आणि पुढें अखयास गेला तेव्हां बंधुवर्गानें त्याच्यासाठीं पत्र लिहून दिलें. वडील उपदेशकांनीं ही गोष्ट पुन्हां वाचावी. शिकलेल्या माणसास तंबूवाल्या जोडप्याची गरज होती, आणि त्या जोडप्यासही असें वाटलें नाहीं कीं ह्याच्या विद्येमुळें आपण लहान झालों.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचें मूळ पाहूं गेलें तर सेरामपूरला जावें लागतें. त्याचा उच्चार कोणी श्रीरामपूर असाही करितात. परंतु तें पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर नव्हे. हें गांव बंगालमध्यें हुगळी नदीच्या कांठीं आहे आणि त्या काळीं तें डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. तेथें विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड ह्या तिघांनीं १८१८ सालीं कॉलेज काढिलें. केरी हे मूळचे जोडे शिवणारे. ते कोणत्याही विद्यापीठांत शिकले नव्हते. तरी त्यांनीं आपल्या मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं आणि कोश १८१० सालीं छापिला. ज्यास स्वतःला कॉलेज मिळालें नाहीं त्यानें दुसऱ्यांसाठीं कॉलेज बांधिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिवाय तें केवळ ख्रिस्ती मुलांसाठीं किंवा केवळ पाळक तयार करण्यासाठीं नव्हतें. पूर्वेकडील वाङ्मय आणि पश्चिमेकडील शास्त्रें हीं दोन्ही तेथें शिकवावीं आणि कोणत्याही जातीच्या मुलास तेथें यावयास मोकळीक असावी असा त्यांचा बेत होता.

२३ फेब्रुवारी १८२७ रोजीं डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक ह्यांनीं त्या कॉलेजास पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ सालीं तें गांव इंग्रजांनीं विकत घेतलें तेव्हांही सनदेचा अधिकार कायम राहिला. परंतु गंमत अशी कीं, ईश्वरविज्ञानाची पहिली बी. डी. पदवी दिली गेली ती १९१५ सालीं! अठ्ठ्याऐंशी वर्षें सनद जणूं पेटींतच राहिली. पुढें प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स ह्यांच्या खटपटीनें ती बाहेर निघाली, आणि १९१८ सालीं बंगालच्या कायदेमंडळानें सेरामपूर कॉलेजाचा कायदा करून सिनेटची व्यवस्था लाविली. तेव्हांपासून निरनिराळ्या पंथांचीं आणि निरनिराळ्या प्रांतांचीं विद्यालयें त्या एका सिनेटशीं जोडिलीं गेलीं. बाप्तिस्मा किंवा बिशप ह्यांविषयीं ज्यांचें एकमत होत नाहीं तीं मंडळें परीक्षेपुरतीं तरी एका बांकावर बसलीं. आमच्या मतें ही लहान गोष्ट नाहीं.

महाराष्ट्रांतही ही परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८७८ सालीं अहमदनगर येथें ईश्वरविज्ञानाची शाळा काढिली, आणि कवि नारायण वामन टिळक १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर तिच्यांत शिकवीत असत. यवतमाळ येथें १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती १९८३ सालीं पुण्यास आली.

तेथें जाऊन मुलगा करतो काय, हें पंचांस ठाऊक असावें. सिनेटच्या बी. डी. साठीं पदवीधरास चार वर्षें लागतात आणि बारावी होऊन आलेल्यास पांच. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, ख्रिस्ती सिद्धांत, नीति, आपल्या देशांतील इतर धर्म, उपदेश करण्याची व आजारी-दुःखितांस भेटण्याची रीत, असे विषय असतात. मूळ भाषांची ओळखही करून घ्यावी लागते. जुन्या करारासाठीं इब्री आणि नव्यासाठीं ग्रीक.

इब्री कशाला, असें पुष्कळ जण विचारतात. ज्यांनीं आजोबांच्या वेळचे मोडी कागद पाहिले आहेत त्यांस आम्ही हें सहज समजावून देऊं. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो; लिहिणारा भरभर लिहून जातो, आणि वाचणाऱ्यास मजकुराचें धोरण ठाऊक नसेल तर जमिनीच्या कागदाचा अर्थ भलताच निघतो. इब्रीचें तर ह्याहून कठीण. तिचीं अक्षरें बावीस, तीं सर्व व्यंजनें, आणि लिहिण्याची दिशा उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या खुणा पुढें पुष्कळ शतकांनीं यहूदी शास्त्र्यांनीं घातल्या. आतां तेविसावें स्तोत्र घ्या, जें आपण प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशीं वाचितों. चौथ्या वचनांतील एका शब्दाचीं व्यंजनें एका रीतीनें वाचलीं तर मृत्यूची छाया असा अर्थ होतो, दुसऱ्या रीतीनें वाचलीं तर दाट काळोख. दोन्ही अर्थांस विद्वानांचा आधार आहे. पहिला अर्थ मरणोन्मुख माणसास धीर देतो. दुसरा अर्थ त्या बाईसही धीर देतो जिचा नवरा कामासाठीं मुंबईस गेला आणि सहा महिने त्याची चिठ्ठी नाहीं. ती मरत नाहीं, परंतु तिला पुढें कांहीं दिसत नाहीं. पाळकास दोन्ही ठाऊक असले तर दोघांच्याही दारीं त्यास जातां येतें.

ह्या कामीं पंडिता रमाबाईंचें उदाहरण आपल्या घरचें आहे. लहानपणीं त्या घरींच संस्कृत शिकल्या. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांची विद्वत्ता पाहून पंडितांनीं त्यांचा गौरव केला. कोणत्याही सेमिनरीची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. तरी केडगांवास मुक्तिसदनांत बसून त्यांनीं इब्री व ग्रीक ह्यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र मराठींत आणिलें. त्यांचा हेतु हा कीं, खेड्यांतील साध्या बाईस तें वाचून कळावें. छापण्याचें कामही तेथील बायकांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या. त्यापूर्वीं भाषांतराचें काम त्यांनीं संपविलें होतें. इतकी विद्या कशासाठीं? कठीण तें सोपें व्हावें म्हणून.

उलट प्रकारही आम्ही पाहिला आहे, तो लपवीत नाहीं. एका ठिकाणीं नुकताच शिकून आलेला तरुण योहानाच्या एकविसाव्या अध्यायावर बोलत होता. प्रीतीसाठीं ग्रीक भाषेंत दोन शब्द आहेत, येशूनें उंच प्रीतीचा शब्द वापरिला आणि पेत्रानें हलक्या प्रीतीचा, असें त्यानें पाऊण तास सांगितलें. उपासना संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, “लेकरानें लई अभ्यास केलाय, देवाला समजलं असंल.” बाईंचें म्हणणें सोडून देऊं. परंतु त्या तरुणाचें ग्रीकही अर्धेंच होतें. त्याच शुभवर्तमानांत पिता पुत्रावर प्रीति करितो हें तिसऱ्या अध्यायाच्या पस्तिसाव्या वचनांत एका शब्दानें सांगितलें आहे, आणि पांचव्या अध्यायाच्या विसाव्या वचनांत दुसऱ्या शब्दानें. मग पित्याची प्रीति पांचव्या अध्यायांत हलकी झाली काय? पुष्कळ विद्वान् म्हणतात कीं योहान हे दोन शब्द एकाच अर्थानें वापरितो. थोडी विद्या माणसास बोलका करिते. आणखी थोडी शिकला म्हणजे तो जपून बोलूं लागतो. ह्यासाठींच चार वर्षें लागतात, असें त्या वडील उपदेशकांस आम्ही सांगूं.

राहिली परत येण्याची गोष्ट, आणि खरा कांटा येथें आहे. मंडळीनें मुलगा पाठवावा, आणि पदवी घेऊन त्यानें शहराचें काम धरावें, ही तक्रार खरी आहे. परंतु दोष एकट्या त्याचा नाहीं. ज्या मंडळींत पाळकाचें वेतन तीन-तीन महिने थकतें, जेथें त्याच्या मुलांच्या शाळेची सोय कोणी विचारीत नाहीं, पंच आपसांतील भांडणें त्याच्या ओसरीवर आणून टाकितात आणि निकाल आवडला नाहीं म्हणजे वर्गणी बंद करितात, तेथें तो कसा टिकेल? त्यास पाठविण्याच्या दिवशींच पंचांनीं बसून ठरवावें कीं आपण काय देऊं. सुगीच्या वेळीं धान्य देतां येईल काय? घराची डागडुजी कोण करील? चार वर्षांत दर सुटींत त्यास घरीं बोलावावें, एक रविवार त्याच्या हातीं द्यावा, आणि वडील उपदेशकांनीं त्यास बरोबर घेऊन गांवोगांव हिंडावें. मृताच्या घरीं काय बोलूं नये, नवरा-बायकोच्या भांडणांत केव्हां उठून यावें, सावकाराच्या दारांत कोणत्या वेळीं जावें, हें सेमिनरींत शिकवितां येत नाहीं. तें ज्यांस येतें तेच येथें अक्विल्ला आहेत, आणि पुष्कळ गांवीं बायबल बाई ही प्रिस्किल्ला आहे.

मुलाची निवडही पंचांनीं डोळे उघडे ठेवून करावी. नोकरी मिळाली नाहीं म्हणून तो निघाला आहे काय? धाकट्या बहिणीशीं, गड्याशीं, उसने पैसे देणाऱ्याशीं तो कसा वागतो? कोणी पाहत नसतां वाचतो काय? एक वर्ष त्यास वडिलांच्या हाताखालीं काम द्यावें आणि मग ठरवावें. ज्यास घाई झाली असेल तो ह्या एका वर्षांतच दुसरीकडे वळेल. मुलीनें हीच इच्छा सांगितली तर तिलाही हेच प्रश्न विचारावे. आणि तिच्या उत्तरांकडे अधिक लक्ष द्यावें, कारण तिला घरांतून निघण्यापूर्वींच अधिक उत्तरें द्यावीं लागलेलीं असतात.

शेवटीं त्याच्या शिफारसपत्राविषयीं. अपुल्लोसाठीं बंधुवर्गानें पत्र लिहिलें तसें मंडळीनें ह्याच्यासाठीं लिहावें, आणि तें एकट्या चिटणिसानें घरीं बसून लिहूं नये. सभेंत वाचून दाखवावें. त्यांत त्याचे गुण लिहावे आणि दोषही लिहावे; राग लौकर येतो, पैशाचा हिशेब ठेवतां येत नाहीं, जें असेल तें. तरुणासमोर तें वाचिलें जावें, त्यानें ऐकावें, आणि मग खालीं पंचांबरोबर त्या वडील उपदेशकांचीही सही घ्यावी.