फॉरमॅट मारण्याआधी

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता नरपड सोडून चिखल्यात शिरला की एका बाजूला सुरूची बनं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या लागतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू तो हाच. इथला दिवस आता बराचसा फोनवर चालतो. माल किती पाठवायचा आणि आज काय भाव निघाला, हे व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो. मासळीचे पैसे क्यूआर कोडवर येतात. डहाणू रोडहून विरारकडे जाणाऱ्या लोकलचं तिकीट किंवा पास अनेकांच्या मोबाइलमध्येच असतो, आणि तपासनीस समोर आल्यावर तो पडद्यावर दाखवता आला नाही तर प्रवास विनातिकीट धरला जातो.

त्यात भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भिंतींना तडे गेले, थंडीच्या रात्री माणसं घराबाहेर तंबूत झोपली. अशा रात्री जमीन हलली की पहिला हात फोनकडे जातो, आणि नेमका त्याच वेळी पडदा गोठलेला असला तर घरातली सगळी माणसं एकाच वेळी त्यावर बोटं चालवू लागतात.

फोन गोठल्याने सहसा काहीच जात नाही. जातं ते त्यानंतरच्या घाईत.

प्रस्तुत लेखकाच्या आत्याचं घर चिखल्यात आहे. पावसाळ्यातल्या एका सकाळी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ उघडला आणि पडदा जागच्या जागी थांबला. बोट फिरवलं तरी काही हलेना. बाजूचं बटण दाबलं की ‘बंद करा’ हा पर्याय पडद्यावर यायचा, पण पडदाच बोट ओळखत नसल्याने तो निवडता येत नव्हता. तासाभराने ती फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथल्या मुलाने दोन-चार बटणं दाबून पाहिली आणि विचारलं, “मावशी, फॉरमॅट मारावा लागेल. चालेल ना?” आत्या म्हणाली, “मार रे बाबा, पण चालू कर.”

फोन चालू झाला, अगदी नवा घेतल्यासारखा. दिवंगत यजमानांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो, वाडीतल्या गड्यांचे आणि व्यापाऱ्यांचे नंबर, नातवंडांचे आवाजी निरोप, सगळं पुसलं गेलं होतं. वर फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागू लागला. ते खातं फोन घेताना कुणीतरी उघडून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. चोरीचा फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून हे कुलूप आहे. ते आपल्या भल्यासाठीच आहे, पण पासवर्ड विसरलेल्या मालकालाही ते तसंच दाराबाहेर ठेवतं.

त्या मुलाने दुष्टपणा केला नाही. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. आत्याला मात्र ‘फॉरमॅट’ म्हणजे सगळं पुसणं, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तो फोन दोन बटणं काही सेकंद दाबून धरल्याने सुरू होण्याची शक्यता फार मोठी होती, आणि त्यात एकही फोटो गेला नसता.

असं का, ते समजून घेतलं की भीती जाते. फोनमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. एक, चालू कामापुरती. तिला रॅम म्हणतात. दुसरी, साठवणुकीची, फोटो, नंबर, संदेश तिच्यात असतात. स्वयंपाक चालू असताना ओट्यावर पसरलेला पसारा आणि फडताळातले डबे, असा हा फरक. रिस्टार्ट केल्यावर ओटा पुसला जातो, फडताळाला हात लागत नाही. एखादं अ‍ॅप अडकून बसलं किंवा दोन कामं एकमेकांची वाट पाहत थांबली की फोन गोठतो, आणि ओटा रिकामा झाला की तो गुंता आपोआप सुटतो. जाईल ते फार तर अर्धवट लिहिलेला, न पाठवलेला मजकूर. फॉरमॅट, म्हणजे फॅक्टरी रिसेट, मात्र फडताळच रिकामं करतो.

तेव्हा फोन हँग झाला की आधी दोन मिनिटं तो खाली ठेवावा. बरेचदा तेवढ्यानेच सुटतो. पडदा पूर्ण काळा असेल तर फोन मेला असं धरून चालू नये. पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्रीनंतर बॅटरी तळाला गेलेली असते आणि मग काही वेळ फोन चार्जिंगची खूणही दाखवत नाही. चांगल्या चार्जरवर अर्धा तास लावून पाहावा. चार्जिंगच्या भोकात कचरा किंवा वाळू साचली आहे का, तेही बघावं. किनाऱ्यावरच्या गावात हे कारण फार वेळा निघतं.

तरीही हलला नाही तर जबरदस्तीचा रिस्टार्ट. तो बहुतेक फोनमध्ये बटणांनी होतो, पडद्याची गरज लागत नाही. सॅमसंगमध्ये बाजूचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, सात सेकंदांहून जास्त दाबून धरायचं. रेडमी, पोकोमध्ये नुसतं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद. ओपो, रिअलमी, वनप्लसमध्ये पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण साधारण दहा सेकंद. गूगलचा सर्वसाधारण सल्ला पॉवर बटण तीस सेकंद धरण्याचा आहे. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग कमी करायचं दाबून सोडायचं, आणि मग बाजूचं बटण सफरचंदाची खूण येईपर्यंत धरून ठेवायचं. मध्ये ‘बंद करा’ची पट्टी दिसली तरी बोट काढायचं नाही. बॅटरी निघणारा साधा फोन असेल तर बॅटरी काढून परत बसवली की झालं.

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात.

पहिलं, बटण धरायचं असतं, भराभर टिचक्या मारायच्या नसतात. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असणं सरकारने बंधनकारक केलं. स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ तीनदा, काही फोनमध्ये पाचदा, दाबलं की ११२ क्रमांकाला फोन लागतो. वैतागून बटण टकटक दाबणाऱ्याचा फोन थेट पोलिसांकडे जाऊ शकतो. चुकून लागलाच तर तोडू नये. पलीकडच्या माणसाला ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं सांगावं, म्हणजे त्यांना परत फोन करून खात्री करत बसावं लागत नाही.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. बटणं जास्त वेळ धरली गेली की काही फोन काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांची यादी दाखवतात. हा रिकव्हरी मेनू. बहुतेक ठिकाणी तो बोटाने चालत नाही. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवर बटणाने निवडायचं. त्यात ‘रिबूट सिस्टम नाऊ’ अशी ओळ असते. तीच निवडायची. ‘वाइप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रिसेट’ या ओळींवर जायचंच नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलवावं, तोवर फोन तसाच राहू द्यावा. तासभर तसा राहिल्याने काही बिघडत नाही.

फोन सुरू झाला की लगेच खिशात टाकू नये. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा उघडताना फोन बोटाचा ठसा किंवा चेहरा मानत नाही, पिन किंवा पॅटर्नच मागतो. वर्षभर नुसता अंगठा लावून फोन उघडणारी वडीलधारी माणसं इथे अडतात. आणि पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत फोनवरची बरीचशी माहिती बंदच असते. फोन आला तर वाजतो, पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप येत नाहीत. धक्क्यांच्या रात्री ‘निरोप का आला नाही’ या काळजीचं कारण कधीकधी एवढंच असतं.

रिस्टार्टने सुटलेला फोन दोन दिवसांनी पुन्हा गोठला, तर कारण शोधायला हवं. बहुतेकदा ते साठवणुकीत सापडतं. आत्याच्या फोनमध्ये सुप्रभातचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ काठोकाठ भरले होते. जागा संपत आली की फोनला स्वतःच्या कामापुरत्या फाइल लिहिता येत नाहीत आणि तो अडखळू लागतो. हे मंगळावरही घडलं आहे. नासाची ‘स्पिरिट’ गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आतच गप्प झाली. तिच्या साठवणुकीत फाइली इतक्या झाल्या होत्या की सुरू होताना त्या पेलवत नसत. ती पुन्हा पुन्हा स्वतःला रिस्टार्ट करत राहिली, साठहून अधिक वेळा. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तिला साठवणूक बाजूला ठेवून सुरू व्हायची आज्ञा दिली, मग जुन्या फाइली काढल्या. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे २०१० पर्यंत संदेश पाठवत होती. अब्जावधींच्या यंत्रासाठीही आधी संयमाचा मार्ग शोधला गेला, हे इथे लक्षात घेण्याजोगं आहे.

आपल्या फोनमध्ये या युक्तीचा जवळचा प्रकार म्हणजे सेफ मोड. त्यात फोन फक्त मूळच्या अ‍ॅपसह सुरू होतो. तिथे तो नीट चालला, तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा. ते काढून टाकलं की काम झालं. कधी दोष आपल्या फोनचाही नसतो. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या घटकाचं एक अपडेट बिघडलेलं निघालं आणि जगभर जीमेलसकट कित्येक अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली. गूगलने काही तासांत दुरुस्त अपडेट दिलं. त्या दिवशी थांबणं हाच उपाय होता.

पैशाचा व्यवहार चालू असताना फोन गोठला तर मात्र जपून. क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पडदा थांबला, की समोरचा म्हणतो ‘आले नाहीत, परत टाका’. आधी रिस्टार्ट करून अ‍ॅपमधला इतिहास किंवा बँकेचा एसएमएस बघावा, मगच दुसऱ्यांदा पैसे पाठवावेत. खात्यातून गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेली यूपीआयची रक्कम व्यवहारानंतर एका दिवसात आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. हा हक्क आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे.

फोन बिघडला म्हणून इंटरनेटवर कंपनीचा ग्राहक सेवा नंबर शोधणं हा आणखी एक सापळा आहे. शोधात वर येणारा नंबर पुष्कळदा भामट्यांचा असतो. ते ‘दुरुस्तीसाठी’ एखादं अ‍ॅप टाकायला सांगतात, आणि आपला पडदा त्यांना दिसू लागतो. नंबर फोनच्या खोक्यावरून किंवा बिलावरूनच घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नाची पत्रिका किंवा दंडाचं चलान एपीके फाइलच्या (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या फाइलच्या) रूपात असेल तर ती उघडू नये. अशी फाइल उघडल्यापासूनच फोन विचित्र वागत असेल, तर आधी इंटरनेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करावी. अशा वेळी नुसता रिस्टार्ट पुरत नाही.

आणि ज्या फोनला रिस्टार्ट करूच नये, असाही एक आहे: भिजलेला. होडीतून उतरताना फोन खाऱ्या पाण्यात पडला की माणूस पहिल्यांदा तो चालू होतो का बघतो. तेच घातक. पाणी आत असताना वीज खेळली की सर्किट जळतं, आणि मीठ धातूला खात राहतं. फोन बंद करावा, चार्जरला लावू नये, त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवू नये; अ‍ॅपलनेही तसं स्पष्ट सांगितलं आहे, कारण तांदळाचे कण आत जातात. बॅटरी फुगून पाठ उचललेला फोनही बटणं दाबत बसण्याचा नाही.

दुकानात जायची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न आपण विचारायचा: “यात माझे फोटो आणि नंबर राहणार का?” उत्तर ‘नाही’ असेल तर फोन परत घ्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवावा. एक दिवस फोनविना काढता येतो.

त्याहून चांगलं म्हणजे ही पाळीच येऊ न देणं. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. नंबर तिथे ठेवले की फोन गेला तरी परत मिळतात. चिखल्यासारख्या ठिकाणी रेंज नेहमीच साथ देत नाही, म्हणून फोटोंसाठी फोनला लावता येणारा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि महिन्यातून एकदा त्यात उतरवावेत. गूगल खात्याचं नाव, पासवर्ड आणि फोनचा पिन घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये, रेशनकार्डाजवळ, लिहून ठेवावा. मुंबईला किंवा वापीला कामाला असणाऱ्या मुलांनी पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर आई-वडिलांच्या फोनचं एवढं करावंच, आणि त्यांच्या फोनला कोणती बटणं दाबायची ते त्यांच्याच हातून एकदा करून घ्यावं.